गार्सिया द ओर्ता : भिरंडाची नोंद ठेवणारा वैद्य

मार्च उजाडला की विजयदुर्ग-गिर्ये पट्ट्यात माणसाला बसायला फुरसत नसते. पहाटे उठून आंबा काढायला जायचे, दिवसभर सड्यावरचे ऊन, संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्री गाडी लावायची. मे महिना संपतो न संपतो तोच भाताची पेरणी, मग चिखलणी आणि लावणी. अंग मोडून येते. मग कोणीतरी सांगतो, अमक्या मुळीची पूड घे, तमका पाला उकळून पी, घोड्यासारखा पळशील. बाजाराच्या दिवशी चादरीवर मुळ्या आणि बाटल्या मांडून बसलेले विक्रेते आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहेत. खोटे कशाला सांगू, एका हंगामात गावोगाव पंचनामे करून मीही दमलो होतो आणि अशाच एका विक्रेत्याकडून ताकदीची पुडी घेतली होती. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, छाती धडधडत राहिली आणि तिसऱ्या दिवशी थकवा दुपटीने आला. पुडीत काय होते हे नंतर विचारले, तर ते विकणाऱ्यालाही सांगता येईना.

झाडपाल्यात काय आहे, तो कोण कशासाठी घेतो आणि घेतल्यावर खरोखर काय होते, हा प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी गोव्यात बसून एका परदेशी वैद्याने चिकाटीने विचारला. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. पणजीच्या मोठ्या चर्चजवळच्या बागेला त्याचेच नाव आहे. पणजीला गेलेला माणूस त्या बागेत बसून येतो, पण तो गृहस्थ कोण हे विचारीत नाही. आणि त्याच्या वहीत आपले आंबे, भिरंड, निर्गुंडी आणि पेज आहे हे तर आपल्यालाही ठाऊक नसते.

ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमध्ये स्पेनच्या सरहद्दीजवळ असलेल्या कास्तेलो द विद या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाने ज्यूंना देशाबाहेर घालविले म्हणून ती पोर्तुगालात आली, तर तेथे १४९७ साली सर्व ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा कुटुंबांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. नाव नवे, पण संशय जुनाच. शेजारी कान लावून असायचे की शनिवारी यांच्या घरात चूल पेटते की नाही. असा संशय डोक्यावर घेऊन हा मुलगा वाढला. सालामांका आणि आल्काला येथे वैद्यकी शिकला, १५२३ साली परत आला, गावात काही दिवस वैद्यकी केली आणि नंतर लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला.

चांगली नोकरी, मान होता. तरी १५३४ च्या मार्चमध्ये तो मार्तिम अफोंसो द सोसा या दर्यावर्दी कप्तानाचा वैद्य म्हणून जहाजात बसला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. त्या वेळी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मशुद्धीच्या नावाने माणसे पकडणारे न्यायालय, सुरू होण्याच्या हालचाली चालू होत्या. १५३६ साली ते सुरू झालेही. ओर्ताने वेळ ओळखली असे म्हणायला हरकत नाही. निघाला तो परत कधी गेलाच नाही.

पहिली काही वर्षे सोसाबरोबर स्वाऱ्यांत गेली. गोवा, वसई, दीव असा हा प्रवास आपल्याच किनाऱ्याने व्हायचा. विजयदुर्गाला तेव्हा घेरिया म्हणत, आणि हा मुलूख आदिलशहाकडे होता. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६५३ साली घेतला, म्हणजे ओर्ताच्या बऱ्याच नंतर. ओर्ता घाटावरही गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचे चांगले जमले. तो निजामशहाचा वैद्यही होता आणि मित्रही. दोघे एकमेकांकडून शिकले. रोगांची आणि औषधांची अरबी नावे शहाने ओर्ताला सांगितली, लॅटिन नावे ओर्ताने शहाला. दरबारात यवनी हकीम होते, आपले वैद्यही होते. हा त्यांच्याजवळ बसून कोणत्या दुखण्याला ते काय देतात ते बघायचा.

१५३८ च्या सुमारास तो गोव्यात स्थायिक झाला. ब्रियांदा द सोलिस हिच्याशी लग्न झाले, दोन मुली झाल्या. घरामागे औषधी झाडांची बाग केली. वैद्यकीबरोबर औषधांचा आणि रत्नांचा व्यापारही होता, त्यामुळे मलबारपासून खंबायतपर्यंतचा माल आणि बातमी घरबसल्या येई. लिस्बनमध्ये ज्यू धर्म पाळल्याच्या संशयावरून त्याची आई आणि दोन बहिणी तुरुंगात पडल्या होत्या, त्या १५४९ साली सुटून गोव्यात त्याच्याकडे आल्या. हे लक्षात ठेवावे, कारण पुढची गोष्ट याच धाग्याने जाते.

१५५४ च्या आसपास व्हाइसरॉयकडून त्याला मुंबई बेट वार्षिक खंडाने मिळाले. आज ज्या मुंबईत एक गुंठा घेण्याची आपली टाप नाही, ते अख्खे बेट एका वैद्याकडे खंडाने होते! त्याच्या पुस्तकात या बेटावरच्या आंब्याचा प्रसंग आहे. मुंबईचे त्याचे कूळ आंब्याची करंडी घेऊन गलबताने गोव्याला येते आणि मग आंब्यावर बोलणे सुरू होते. बेटावरच्या एका झाडाला वर्षातून दोन बहर येत असेही तो सांगतो. आपले बागायतदार आंब्याच्या पेट्या वाशीला पाठवतात, तेव्हा आंबा मुंबईहून दक्षिणेला, विजयदुर्गच्या दारावरून गोव्याला जात होता. काळ कसा उलटतो बघा.

आता त्या पुस्तकाबद्दल. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात ते छापून झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्राचीच कितीतरी पाने आहेत. पण ग्रंथ असा की तोपर्यंत हिंदुस्थानातील औषधांवर युरोपीय माणसाने डोळ्यांनी पाहून इतके कोणी लिहिलेले नव्हते. विद्वानांची भाषा लॅटिन, पण याने पुस्तक पोर्तुगीजमध्ये लिहिले, म्हणजे जहाजावरच्या साध्या माणसालाही वाचता यावे. रचना संवादाची आहे. एका बाजूला ओर्ता स्वतः, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा कल्पित वैद्य, जो युरोपातून नुकताच आला आहे आणि सगळे ग्रीक-रोमन ग्रंथ तोंडपाठ करून आला आहे. आमच्या खात्यात परीक्षा देऊन नुकता रुजू झालेला अधिकारी जसा पहिल्या दिवशी शेतकऱ्याला पुस्तक सांगतो, तसा हा रुआनो. ओर्ता त्याला दर वेळी बागेत किंवा बाजारात घेऊन जातो. अंतोनिया नावाची त्याची मोलकरीण मध्येच झाडाची फांदी, फळ, मुळी आणून पुढे ठेवते. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याला बोलावून त्याचेही मत घेतले जाते. युरोपात असताना गॅलेनसारख्या जुन्या ग्रीक वैद्यांविरुद्ध ब्र काढायची आपली हिंमत नव्हती, असे तो उघड कबूल करतो. इथे येऊन स्वतः पाहिल्यावर मात्र तो त्यांच्या चुका दाखवीत सुटतो. आपल्या वैद्यांचीही तो आंधळी स्तुती करीत नाही. अनुभवाने आणि वहिवाटीने ते बरेच रोग बरे करतात, पण शरीराच्या आत काय कोठे आहे याचे ज्ञान त्यांना नाही, असे त्याचे मत.

आता आपल्या कामाचा भाग. थकव्यावर लोक काय घेत होते?

सर्वांत मोठी नोंद भांगेची आहे. भांगेचा पाला वाटून त्यात सुपारी, जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर घालून लोक घेत. मोठमोठे सरदार लढाईच्या दगदगीनंतर चिंता विसरून झोप लागावी म्हणून घेत. ओर्ताचे स्वतःचे नोकरही त्याला चोरून घेत असत. त्याने त्यांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की भांग घेतली की कामाचे श्रम जाणवत नाहीत, मन खूश राहते आणि भूक लागते. गुजरातचा सुलतान बहादूरशहा सोसाला म्हणाला होता म्हणे, की रात्री बसल्या जागी पोर्तुगाल, ब्राझील, अरबस्तान फिरून यायचे असेल तर आपण थोडी भांग घेतो. हे सगळे ओर्ता हसत लिहितो, पण एक गोष्ट नीट पकडतो. श्रम जाणवत नाहीत, असेच नोकर म्हणाले. श्रम गेले असे काही ते म्हणाले नाहीत.

अफूचे तर त्याने प्रत्यक्ष पाहिले. निजामशहाच्या पदरी खुरासानचा एक चिटणीस होता, विद्वान, अक्षर सुंदर. तो रोज तीन तोळे अफू खायचा. माणूस कायम पेंगत असे, मात्र बोलायला लावले तर शहाण्यासारखे बोले. सवय लागलेल्याला अफू मिळाली नाही तर त्याच्या जिवावर बेतते, हेही ओर्ताने लिहून ठेवले. आज बाजारातल्या ताकदीच्या पुड्यांत अफू नसेलही. पण झाडपाल्याच्या नावाखाली स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळी कुटून घातल्याची प्रकरणे देशभर सापडलेली आहेत. दोन दिवसांत अंगदुखी गायब होते आणि चेहऱ्यावर सूज येऊ लागते, अशी पुडी घरात असेल तर ती डॉक्टरला दाखवा. पण महिनोन्महिने घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यातही धोका असतो.

दुसरी नोंद निर्गुंडीची. ओर्ताने तिला नेगुंडो आणि सांबाळी अशी दोन नावे दिली आहेत. आपल्याकडे बांधावर, वहाळाच्या काठी ती भरपूर आहे. अंगदुखी, ठणका, मार यावर लोक पाला शिजवून शेकतात, त्या पाण्याने आंघोळ करतात, असे तो लिहितो. तिला मागणी इतकी की झाड कधीच संपून गेले असते, पण ते जितके तोडावे तितके फुटते, हे त्याचे निरीक्षण कोणत्याही शेतकऱ्याला पटेल. लावणीच्या दिवसांत निर्गुंडीच्या पाल्याच्या गरम पाण्याने आंघोळ केली की पाठ-कंबर सैल होते, हा आपला नेहमीचा अनुभव. पोटात काही जात नाही, पैसा लागत नाही. शतावरीचे मात्र असे नाही. तिची मुळेच खणून काढावी लागतात. व्यापारी येऊन किलोवर भाव देतो आणि माणसे रानातून वेल मुळासकट उपटतात. वेल गेला तो गेला. शतावरी हवी असेल तर परसात लावून दोन-तीन वर्षे थांबायची तयारी हवी.

अश्वगंधेची चौकशी आमच्याकडे पुष्कळ होते. ते कोरड्या हवेचे पीक, मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडचे. आपल्या पावसात मुळे कुजतात. सफेद मुसळीच्या लागवडीत दोन हजार सालानंतर राज्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांचे हात पोळले, ते बेण्याच्या भावावर आणि परत खरेदीच्या आश्वासनावर विसंबल्यामुळे. गुळवेलीचेही ऐका. करोनाच्या काळात घरोघर काढे झाले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपण एवढे करावे की ज्याला यकृताचा, मधुमेहाचा किंवा थायरॉइडचा त्रास आहे त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय रोज काढा पिऊ नये.

तिसरी नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते. ओर्ताने पटकीचे वर्णन केले आहे. आशियातल्या पटकीचे युरोपीय वैद्याने केलेले हे पहिल्या वर्णनांपैकी एक. पटकीने मेलेल्या माणसाचे शवविच्छेदनही त्याने केले, आणि हिंदुस्थानातले ते पहिले नोंदलेले शवविच्छेदन मानतात. रोगाचे नाव त्याने इथल्या लोकांच्या तोंडून घेतले, ते म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगिजांनी त्याचे मोर्देशी केले. या रोगात माणूस काही तासांत गळून जातो. इथले वैद्य अशा रोग्याला भाताचे पाणी मिरी आणि जिरे घालून पाजत, याची त्याने नोंद केली. म्हणजे काय, तर पेज! टाचांना डाग देण्याचा अघोरी उपायही ते करीत, तोही त्याने लिहिला आहे, आणि आज तो कोणी करू नये. पण पेजेचे बघा. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. पुढे तांदळाच्या पिठाचे मीठ घातलेले पाणीही पटकीत चांगले काम करते हे सिद्ध झाले. उन्हात आठ तास घाम गाळलेल्या माणसाला जो थकवा येतो, त्यातला मोठा भाग अंगातले पाणी आणि मीठ गेल्याचा असतो. त्याला मुळी नको, मीठ घातलेली पेज हवी. आंबा काढणाऱ्या गड्यांना दहा वाजता चहाऐवजी पेज देणारे बागायतदार अजून आहेत. त्यांच्याकडे दुपारनंतर कामाचा उरक बघावा.

सगळा थकवा मात्र पेजेने जात नाही, हेही इथेच सांगतो. पावसात शेतात राबल्यावर ताप, पोटऱ्यांत गोळे, डोळे लाल आणि गळून गेल्यासारखे वाटत असेल तर तो लेप्टो असू शकतो. आपल्या जिल्ह्याने त्यात माणसे गमावली आहेत. तेथे काढ्यात दिवस घालवू नये, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. जिना चढताना धाप लागणाऱ्या, कायम दमलेल्या बायामाणसांचे रक्त तपासून घ्यावे. बहुतेक वेळा हिमोग्लोबिन कमी निघते, आणि त्याला गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. घरातली बाई दमते हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती बसत नाही.

आणि भिरंड. ओर्ताने त्याला ब्रिंदाँव म्हटले आहे. हा आपला शब्द त्याच्या जिभेवर बसला तसा. फळ बाहेरून तांबूस, आतून रक्तासारखे लाल, पिकून काळपट झालेलेही मिळते, चव अतिशय आंबट. लोकांना ती आवडते, आपल्याला नाही, असे तो प्रामाणिकपणे लिहितो. रंगारी ते वापरतात. साली वाळवून ठेवतात आणि समुद्रापार नेऊन त्यांचा शिरका करतात, काहींनी पोर्तुगालपर्यंत नेल्या आहेत, अशी नोंद आहे. म्हणजे आपले आमसूल साडेचारशे वर्षांपूर्वी निर्यात होत होते! घरी आपण त्याचे सरबत करतो ते थकव्यावरच. जिरे, मीठ, साखर आणि आमसुलाचा आंबटपणा, उन्हातून आलेल्याला यापेक्षा काय हवे? (साखर मात्र मधुमेह्यांनी टाळावी, मिठाचे आगळ घ्यावे. रक्तदाब असलेल्यांनी मीठ बेताने.) जाता जाता एक. कोकमाच्या गार्सिनिया या शास्त्रीय नावाचा संबंध बरेच जण गार्सिया ओर्ताशी जोडतात. तसे नाही. ते नाव लोराँ गार्सँ या नंतरच्या वनस्पती अभ्यासकावरून आहे. ओर्ताच्या नावावर भिरंडाचे काही नाही, फक्त नोंद आहे.

पुस्तक बाहेर पडले तेव्हा गोव्यातही इन्क्विझिशन येऊन तीन वर्षे झाली होती. ज्याच्या भीतीने हा माणूस सातासमुद्रापार आला, ते दार ठोठावीत आले. व्हाइसरॉय, गव्हर्नर यांच्या घरी याची ये-जा, म्हणून जिवंत असेपर्यंत कोणी हात लावला नाही. १५६८ साली तो गोव्यात वारला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला पकडले. छळात तिने कबुली दिली, आणि भाऊही मनातून ज्यूच होता असे निघाले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. ओर्तावरही खटला चालवला. माणूस नव्हता, म्हणून १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. ज्याने इथल्या किती जणांना बरे केले असेल त्याला गोव्यात थडगेही राहिले नाही.

पुस्तक मात्र निसटले होते. १५६७ सालीच क्लुसियस या विद्वानाने त्याचे लॅटिन सार अँटवर्पला छापले आणि ते युरोपभर गेले. पुढे १९१३ साली इंग्रजी भाषांतर झाले. त्या पुस्तकात काजू नाही, कारण काजू तेव्हा आपल्याकडे रुजायला लागला असेल-नसेल. भिरंड मात्र आहे.

त्या भिरंडाला २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले. रोपांपासून लावलेल्या झाडांत निम्मी नर निघतात आणि सात-आठ वर्षे थांबून फळ लागत नाही, म्हणून दापोली कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता किंवा कोकण हातीस या जातींची कलमेच घ्यावीत. अमृताची फळे पाऊस सुरू व्हायच्या आत तयार होतात, त्यामुळे आमसुले उन्हात वाळवता येतात. अंतर सहा बाय सहा मीटर ठेवावे, बागेत थोडी नर कलमेही लावावीत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात मागणी आधी नोंदवावी लागते. खड्डे मे महिन्यातच खणून, तापवून, शेणखत व माती भरून तयार ठेवावेत.